जाड्या, रड्या आणि आम्ही

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे या दोन क्रियांमध्ये मराठी भाषेने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. व्यवहारात तर तेवढेही उरत नाही. बारशाला जमलेली मंडळी पाळण्यातल्या जिवाचे नाव ठेवून होताच त्याच्या नाकाला नावे ठेवू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. या सवयीतून परदेशी पाहुणे सुटले असते तरच नवल! लॉरेल आणि हार्डी ही हॉलिवूडची विनोदी जोडगोळी शंभराहून अधिक चित्रपटांतून जगभर हिंडली आणि देशोदेशीच्या लोकांनी तिचे नव्याने बारसे केले. जर्मनांनी तिला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘जाडा आणि मठ्ठ’. स्पॅनिश व पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी ‘जाडा आणि किडकिडीत’ एवढ्यावर काम भागवले. पोलंडात ती ‘फ्लिप आणि फ्लाप’ झाली. मराठी माणसाने मात्र तिला ‘जाड्या-रड्या’ म्हटले.

या नावाचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आलो आहोत. जाड्याच्या जोडीला ‘रोड्या’ हा शब्द अगदी हाताशी होता. रोड म्हणजे कृश. अर्थ नेमका, यमक तयार, आणि दोन देहांतला विरोधही त्यात पुरता उतरत होता. तरीही लोकांनी तो घेतला नाही. त्यांच्या मनात ठसले ते त्या दुसऱ्याचे रडणे. संकट ओढवले की लॉरेलचा लांबट चेहरा आक्रसतो, भुवया वर चढतात, ओठ आडवे फाकतात, हात डोक्यावरच्या उभ्या केसांत जातो आणि शाळेत छडी खाल्लेल्या पोराप्रमाणे तो मुसमुसू लागतो. जग आपल्याला सांगितले होते तसे नाही, एवढेच त्याला त्या क्षणी कळलेले असते. जर्मन नावाने त्याची बुद्धी मोजली, स्पॅनिश नावाने त्याचा घेर मोजला. मराठी नावाने त्याचे डोळे पाहिले. शिवाय रडणारे माणूस नेहमी कोणाकडे तरी पाहून रडत असते. म्हणून जाड्या जवळ नसता तर रड्याला ते नाव कधी पडलेच नसते, असे आम्हांला वाटते.

आता हे ‘आम्ही’ कोण, ते सांगणे ओघानेच आले. आम्ही बंगळुरात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेचे लेखनिक आहोत. पदवी वाङ्मयाची, काम रजा, वेतनवाढी, बदल्या आणि सेवापुस्तके यांच्या नोंदींचे. या मासिकाच्या बहुतेक वाचकांची जातकुळी हीच असल्यामुळे अधिक वर्णनाचे कारण नाही. बंगळूरच्या लष्कर भागात एके काळी इंग्रजी चित्रपटांची मोठी रेलचेल होती. ब्रिगेड रोडवर ऑपेरा हाऊस आणि रेक्स, महात्मा गांधी मार्गावर १९३६ साली सुरू झालेले प्लाझा, ही नावे येथील वृद्ध मंडळी अजून देवळांच्या नावांसारखी उच्चारतात. आम्ही या गावी आलो तेव्हा प्लाझाची जागा मेट्रोच्या कामात गेलेली होती. रेक्सचा पडदा २०१८ च्या अखेरीस कायमचा खाली आला, आणि त्याच वर्षी ऑपेरा हाऊसच्या जुन्या वास्तूत मोबाइल फोन बनवणाऱ्या एका कंपनीचे दालन उघडले. चित्रे दाखवणारी वास्तू चित्रे दाखवणारी यंत्रे विकू लागली, यात एक प्रकारचा काव्यगत न्याय आहे खरा. आम्ही जाड्या-रड्या पाहिले ते अशाच एका यंत्रावर. मल्लेश्वरममधली भाड्याची खोली, मध्ये पाण्याचा तांब्या, त्याला टेकवून ठेवलेला टीचभर पडदा, आणि त्याच्यापुढे चटईवर बसलेले आम्ही दोघे.

दुसरे म्हणजे आमचे सहनिवासी. त्याच कार्यालयाच्या लेखा शाखेत होते. मूळचे नागपूरचे, अंगाने भरभक्कम, स्वभावाने तितकेच ऐसपैस. आम्ही साताऱ्याकडचे, आणि आमच्या देहयष्टीचे वर्णन ‘काटक’ या शब्दाने करण्याचा रिवाज आमच्या घरात आहे. बाहेरचे लोक त्यासाठी दुसरे शब्द वापरतात. आम्ही दोघे छत्रीच्या एकाच वर्तुळात मावण्याचा प्रयत्न करीत कार्यालयाच्या पायऱ्या चढू लागलो, की देवडीवरचा पहारेकरीसुद्धा हसू आवरीत नसे. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ कानडी गृहस्थ आम्हांला पाहून नरसिंहराजू आणि बालकृष्ण या कन्नड पडद्यावरच्या विनोदी जोडीची आठवण काढीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मात्र कोणा बालकाने ‘आई, जाड्या-रड्या!’ अशी आरोळी ठोकली आणि आमचे बारसे एकदाचे पार पडले. रड्या कोण, हे ठरवायला मतदान घ्यावे लागले नाही.

त्या आरोळीनंतरच आम्ही मुळातले जाड्या-रड्या पाहायला बसलो. ज्यांच्या नावाने आपल्याला हाक मारली जाते ते आहेत तरी कोण, हे जाणून घेणे क्रमप्राप्त होते. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की एक चित्रपट, असा नेमच पडून गेला. पहिल्याच रविवारी हाती लागला तो १९२९ सालचा ‘बर्थ मार्क्स’. त्यात हे दोघे नाटकवाले आगगाडीने प्रवासाला निघतात आणि वरच्या एकाच बर्थवर दोघांनी कपडे बदलून झोपण्याची पराकाष्ठा करतात. एकाचा पाय दुसऱ्याच्या कोटाच्या बाहीत, दुसऱ्याचे डोके पहिल्याच्या बगलेत. यापलीकडे त्यात कथा अशी नाही. बदलीच्या हुकमामागून आरक्षणाशिवाय प्रवास केलेल्या माणसाला त्यात अतिशयोक्तीही आढळणार नाही. बंगळुरात आलेला माणूस कन्नडमधले पहिले वाक्य शिकतो ते ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’, थोडे सरकून घ्या. बसमध्ये, बाकावर, भाड्याच्या खोलीत, सगळीकडे हा मंत्र चालतो. त्या बर्थवरच्या धडपडीला याहून चांगले शीर्षक आम्हांला सुचले नाही.

या जोडीचे मोठेपण पडण्या-झडण्यात आहे असे समजणारे लोक पुष्कळ आहेत. पडणारे विनोदवीर त्या काळी हॉलिवूडमध्ये पैशाला पासरी होते आणि यांच्याहून उंचावरून पडत होते. यांची गंमत पडण्याच्या आधी आणि नंतर असते. ‘द म्युझिक बॉक्स’ हा १९३२ सालचा चित्रपट पाहावा. विनोदी लघुपटासाठी अकादमीचे पारितोषिक त्या वर्षी प्रथमच ठेवण्यात आले आणि ते या चित्रपटाने पटकावले. कथा एवढीच की दोन हमालांना एक पियानो टेकडीवरच्या घरी पोचवायचा आहे आणि मध्ये १३३ पायऱ्यांचा जिना आहे. लॉस एंजलीस शहरात तो जिना आजही आहे. निम्म्यावर जावे तो बाळाची गाडी घेऊन दाई येते. तिला वाट देताना पेटी घरंगळत तळाशी. पुन्हा चढवावी तो पोलीस हाक मारतो. पेटी पुन्हा तळाशी. पुढे एक प्राध्यापक महाशय येतात आणि पेटीला वळसा घालून जाण्याचे साफ नाकारतात, कारण त्यांच्या नावामागे पदव्यांची मालिका आहे.

शेवटी पेटी वर पोचते. तेथे पोस्टमन भेटतो आणि सहज म्हणतो की, एवढा जिना कशाला चढलात? पलीकडून गाडीरस्ता थेट दारापर्यंत येतो. आता येथे दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. हे दोघे काय करतात? ते पेटी उचलतात, १३३ पायऱ्या उतरवून खाली नेतात, गाडीवर चढवतात आणि रस्त्याने पुन्हा वर आणतात!

हे पाहून आमचे सहनिवासी चटईवर आडवे झाले. ‘‘हे तं आपल्याच हापिसातलं हाय ना बाप्पा!’’ म्हणाले. आणि खरोखरच, आम्हां लेखनिकांना त्या कृतीतले तर्कशास्त्र जितके कळते तितके कोणा समीक्षकाला कळणार नाही. अर्ज मुक्कामी पोचलेला असतो, साहेबांनी तो पाहिलेलाही असतो. पण तो योग्य मार्गाने आलेला नसतो. मग तो उतरत उतरत मूळ टेबलावर परत जातो आणि योग्य मार्गाने पुन्हा चढू लागतो. तो चढवणारे आम्हीच असतो. लोक याला मूर्खपणा म्हणतात. आम्ही त्या दोघांकडे पाहिले तेव्हा आम्हांला त्यात एक सरळ, निर्मळ निष्ठा दिसली. काम बरोबर झाले पाहिजे, अशी त्यांची इतकी मनापासून इच्छा आहे की ते झालेले आहे ही गोष्ट त्यांच्या लक्षातच येत नाही. पुढे घरमालक म्हणून तेच प्राध्यापक निघतात, पियानोचा त्यांना तिटकारा असतो, ते कुऱ्हाडीने त्याच्या ढलप्या उडवतात. आणि मग कळते की ती त्यांच्या पत्नीने वाढदिवसासाठी दिलेली भेट होती. एवढे होऊनही आमच्या या दोन बंधूंना काळजी कसली, तर पोचपावतीवर सही मिळाली पाहिजे. सहीसाठी पुढे केलेले पेन प्राध्यापकांच्या तोंडावर शाई उडवते, हा भाग निराळा.

दुसरा चित्रपट ‘बिग बिझनेस’. हा १९२९ सालचा मूकपट. कॅलिफोर्नियाच्या उन्हात हे दोघे घरोघर नाताळची झाडे विकत फिरतात. जेम्स फिनलेसन या टकल्या, मिशाळ नटाच्या दारात झाडाची फांदी अडकते. तो कात्रीने झाड कापतो. हे त्याच्या दाराची नासधूस करतात. तो यांच्या मोटारीचा दिवा उपटतो. पाहता पाहता एकीकडे संपूर्ण घराचा आणि दुसरीकडे संपूर्ण मोटारीचा निकाल लागतो. या प्रकारच्या दृश्यांत एक शिस्त असते, ती आमच्या ध्यानात दोनदा पाहिल्यावर आली. एक जण मोडतोड करीत असताना दुसरा त्याला अडवीत नाही. तो शांतपणे उभा राहून पाहतो, झालेल्या नुकसानाची मनाशी नोंद घेतो, आणि मग आपली पाळी आली की तितक्याच शांतपणे पुढे होतो. आपल्या शासकीय पत्रव्यवहाराची ही हुबेहूब प्रतिकृती आहे. खुलासा मागवणारे ज्ञापन जाते. त्याला पूर्ण अवधी देण्यात येतो. मग त्याचे उत्तर येते, प्रतिज्ञापन जाते. मध्ये कोणी कोणाचा हात धरत नाही. त्या चित्रपटात एक पोलीस रस्त्याच्या कडेला मोटार उभी करून बराच वेळ हा विध्वंस वहीत टिपून घेत असतो. तो आम्हांला सर्वांत जवळचा वाटला. तो आमच्याच शाखेचा असावा.

हसत असताना आम्हांला हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. ही जोडी परस्परांशी भांडते, टोप्या अदलाबदल करते, एकमेकांच्या पायांवर पाय देते. पण सोडून जात नाही. हार्डी दर चित्रपटात लॉरेलला सुनावतो की, तुझ्यामुळेच पुन्हा या गोत्यात आलो. ‘पुन्हा’ हा शब्द ध्यानात घ्यावा. मागच्या वेळीही तेच झाले होते, त्याच्या आधीही तेच. तरी पुढच्या चित्रपटात दोघे त्याच मोडक्या मोटारीत शेजारी बसून निघालेले असतात. ते एकत्र का राहतात याचे कारण कोणत्याही चित्रपटात दिलेले नाही. दोघांपैकी कोणीही मैत्रीवर एक वाक्य बोलत नाही.

हार्डीची आणखी एक लकब आहे. संकटाच्या ऐन भरात, डोक्यावर चुन्याची बादली उपडी झालेली असताना, तो मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. रागावत नाही. फक्त पाहतो, जणू म्हणतो, ‘बघितलेत ना?’ मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन शब्द आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा तो ‘आम्ही’, आत घेणारा तो ‘आपण’. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये दोहोंचे काम एकाच शब्दावर भागते. पण हार्डीच्या त्या दृष्टिक्षेपाला आम्हांला मराठी व्याकरण लावावेसे वाटते. तो पाहतो त्या क्षणापर्यंत पडद्यावर दोघांचे ‘आम्ही’ असते. त्याने पाहिले की ‘आपण’ होते. परगावी खोलीत बसून पाहणाऱ्या माणसाला त्याचे महत्त्व अधिक.

पडद्यामागची हकिकत पडद्यावरच्या नेमकी उलट होती. स्टॅन लॉरेल इंग्लंडातल्या उल्व्हरस्टनचा, जन्म १८९०. नाटक कंपनीबरोबर १९१० साली अमेरिकेला गेला तेव्हा त्याच कंपनीत चार्ली चॅप्लिन होता. ऑलिव्हर हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला, जन्म १८९२. पडद्यावर हार्डी हा सारे काही समजणारा प्रमुख आणि लॉरेल हा त्याच्या हाताखालचा मठ्ठ इसम. प्रत्यक्षात विनोद रचणे, चित्रपट जुळवणे, काटछाट करणे हे सारे लॉरेलच्या डोक्यातून निघे, आणि पगारही त्यालाच अधिक असे. हार्डी आपले काम आटोपून गोल्फ खेळायला जाई. याबद्दल त्यांच्यात कधी वाकडे आले नाही. ज्येष्ठता कोणाची आणि काम कोणाचे, या प्रश्नाने आमच्या कितीतरी शाखा पोखरल्या गेल्या आहेत. म्हणून हा तपशील येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

‘द म्युझिक बॉक्स’चे १९३२ हे साल आपल्याकडेही फलदायी ठरले. त्याच वर्षी चिं. वि. जोशी यांचे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ निघाले आणि चिमणराव व गुंड्याभाऊ महाराष्ट्राच्या घरात शिरले. एक किरकोळ, भिडस्त कारकून आणि दुसरा दणकट सोटेवाला. जाड्या-रड्यांची आठवण व्हावी अशीच ही जोडी. तिला जन्म देणारे गृहस्थ पुण्यामुंबईत बसून लिहीत नव्हते, तर बडोद्याला पाली भाषा शिकवीत होते, ही गोष्ट आपण परप्रांतवासीयांनी विसरू नये. पुढे १९४० च्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले.

आणि त्याच १९३२ साली मुंबईच्या रणजित कंपनीच्या ‘चार चक्रम’ या चित्रपटातून दीक्षित आणि घोरी ही जोडी पुढे आली. हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी म्हणून हे दोघे ओळखले जात. यांतले जाड्या म्हणजे मनोहर जनार्दन दीक्षित, सिन्नरचे. किडकिडीत घोरी मुंबईचे, नजीर मोहम्मद. दीक्षित १९४९ साली वारले. घोरी पुढे पाकिस्तानात गेले आणि १९७७ साली तेथेच निवर्तले. सिन्नरचा दीक्षित आणि मुंबईचा घोरी ज्या पडद्यावर पंधराएक वर्षे एकमेकांच्या अंगावर कोसळत राहिले, त्या पडद्यामागचा देश दोन झाला. ही हकिकत आम्ही सहनिवाशांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘चहा टाका राव.’’

आमच्या सहनिवाशांच्या मातोश्री नागपुरात एकट्या असत. वडील गेल्यापासून ते दर वर्षी विनंती बदलीचा अर्ज करीत. हा अर्ज आस्थापना शाखेत, म्हणजे आमच्याच टेबलावर येई. पहिल्या वर्षी आम्ही टिपणी लिहिली, ‘नागपूर येथे पद रिक्त नाही.’ दुसऱ्या वर्षी तीच टिपणी नव्या तारखेने गेली. दोन्ही वेळा ती वस्तुस्थिती होती. दोन्ही वेळा त्या संध्याकाळी खोलीवर परतताना आम्ही दोघे नेहमीपेक्षा जास्त बोललो, आणि अर्जाखेरीज सर्व विषयांवर बोललो. तिसऱ्या वर्षी नागपूरला जागा निघाली. मुख्यालयाने आमच्या कार्यालयाचा अभिप्राय मागवला: सदर कर्मचाऱ्यास कार्यमुक्त केल्यास कार्यालयास अडचण होईल काय?

या प्रश्नाला आस्थापना शाखेत दोन उत्तरे असतात. एक लिहिले की माणूस सुटतो. दुसरे लिहिले की तो आणखी दोन-तीन वर्षे अडकतो, आणि दुसऱ्या उत्तराला कारणांचा तुटवडा कधीच नसतो. लेखा शाखेत त्या वेळी दोन जागा रिकाम्या होत्याच. आम्ही त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुटीत खाली गेलो नाही. फाइल समोर घेऊन बसलो. आमच्यापुढे मातोश्रींचे वैद्यकीय कागद होते, आणि आमच्याजवळ त्या खोलीची अर्धी किल्ली होती. मग आम्ही टिपणी लिहिली: ‘कार्यालयास अडचण होणार नाही.’ साहेबांनी खाली सही केली. ते वाक्य कार्यालयापुरते खरे होते, आणि सरकारने विचारलेही कार्यालयापुरतेच होते.

त्यांच्या कार्यमुक्तीचा आदेशही आम्हीच तयार केला. त्यात नाव, पदनाम, दिनांक आणि ‘अपराह्नी’ हा शब्द. प्रत माहितीस्तव लेखा शाखेस. स्टेशनवर त्यांना पोचवायला गेलो तेव्हा सामानाची जुळवाजुळव करताना आमचे भांडण झाले. दोरी कोणी बांधली, गाठ कोणी सैल ठेवली, पिशवी कोणाच्या निष्काळजीपणामुळे फाटली. गाडी हलेपर्यंत ते भांडण चालू होते. दुसरे काही बोलायची वेळ आली नाही, याबद्दल आम्ही दोघेही त्या दोरीचे ऋणी आहोत.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तांब्या मांडला, पडदा टेकवला, आणि ‘वे आउट वेस्ट’ लावला. १९३७ सालचा हा त्यांचा लाडका चित्रपट. त्यात सलूनच्या दारात ते दोघे एक साधासा नाच करतात, तो पाहून दगडालाही हसू फुटावे. आम्हांलाही हसू आले. पण ते ओठांपर्यंत येऊन थांबले आणि कोणी पाहत नाही असे दिसल्यावर परत गेले. हसण्याला साक्षीदार लागतो, असे दिसते. हार्डीने पडद्यातून वळून पाहिले तेव्हा चटईवरचा अर्धा भाग मोकळा होता. व्याकरणाचे सांगायचे तर चार वर्षे आमच्या ‘आम्ही’त खरोखरच अनेकवचन होते. ते त्या अपराह्नी कार्यमुक्त झाले, आणि हा लेख ज्यात लिहिला आहे ते जुन्या वळणाचे आदरार्थी ‘आम्ही’ तेवढे शिल्लक उरले.

ऑलिव्हर हार्डी १९५७ च्या ऑगस्टमध्ये वारला. प्रकृती ठीक नसल्यामुळे लॉरेलला अंत्यविधीलाही जाता आले नाही. त्यानंतर तो आठ वर्षे जगला. १९६१ साली त्याला अकादमीचा विशेष सन्मानही मिळाला. पण चित्रपटात किंवा रंगमंचावर काम करण्याची बोलावणी त्याने नाकारली. जोडीदाराशिवाय तो उभा राहणार नव्हता. मात्र विनोद रचणे त्याने थांबवले नाही. सांता मोनिका येथे समुद्राजवळच्या लहानशा सदनिकेत बसून तो नवे प्रसंग लिहीत राहिला, आणि ते सर्व दोघांसाठी लिहिलेले असत. त्याचे नाव आणि क्रमांक गावच्या दूरध्वनी-पुस्तिकेत सर्वांसारखा छापलेला होता. कोणीही अनोळखी माणूस तो फिरवी, आणि पलीकडून लॉरेल स्वतः बोले.

हे वाचल्यावर आम्ही त्याच रात्री नागपूरला फोन लावला. आता आमचा नेम पुन्हा सुरू झाला आहे. रविवारी दुपारी तीन वाजता ते तिकडे आणि आम्ही इकडे एकच चित्रपट एकाच क्षणी लावतो, आणि दुसऱ्या यंत्रावर बोलणे चालू ठेवतो. तिकडचा आवाज क्षणभर उशिरा पोचतो. त्यामुळे हार्डी पडतो, आम्ही हसतो, मग पलीकडचे हसू येते, आणि त्या हसण्याला आम्ही पुन्हा हसतो. एका पडण्यात दोनदा हसणे होते. त्यांच्या मातोश्रीही शेजारी येऊन बसतात. इंग्रजी त्यांना कळत नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, ‘‘तो बारका काऊन रडते रे?’’ आमच्या मित्राने काय उत्तर दिले ते वाऱ्याच्या खरखरीत ऐकू आले नाही. मग त्यांचाच आवाज आला: ‘‘मंग त्या जाड्यानं त्याले जवळ घ्यावं ना!’’ जाड्या-रड्या हे नाव त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

येत्या रविवारी ‘हेल्पमेट्स’ पाहायचे ठरले आहे. पत्नी गावाहून परतायच्या आत हार्डीला घर आवरायचे असते आणि मदतीला तो लॉरेलला बोलावतो. शेवटी घर जळून जाते. छप्पर नसलेल्या घरात हार्डी खुर्चीवर स्वस्थ बसतो, आणि वरून पाऊस सुरू होतो. हा शेवट मातोश्रींना आधी सांगायचा नाही, असेही ठरले आहे. बंगळुरात सध्या रोज दुपारी पाऊस असतो. वीज गेली नाही, तर आपण सारे मिळून तो पाहू.